बैरंग निरोप

पोस्टाच्या व्यवहारातील ‘बैरंग’ हा शब्द जुन्या पिढीच्या चांगल्या परिचयाचा आहे. पाठविणाऱ्याने पत्राला तिकीट लावले नाही, अथवा कमी लावले, की ते पत्र बैरंग होई आणि जेवढे तिकीट कमी पडले असेल त्याच्या दुप्पट पैसे पत्र घेणाऱ्याकडून वसूल केले जात. लिहिणारा एक आणि भुर्दंड भरणारा दुसरा, असा हा व्यवहार. तरीही त्यात एक सोय होती. असे पत्र दाराशी आले म्हणजे ते न घेता परत करण्याची घरधन्याला मुभा असे. पोस्टमन ते पुन्हा पिशवीत टाकी आणि पुढच्या घराकडे वळे.

आजकाल मोबाइलवर जे न मागितलेले निरोप दिवसरात्र येत असतात, ज्यांना जगभर ‘स्पॅम’ या नावाने ओळखतात, ते सारे एका अर्थाने बैरंगच होत. कर्ज घ्या, भूखंड घ्या, बक्षीस लागले आहे, वीज आज रात्री तोडली जाईल, हा निरोप अकरा जणांना पाठवा, असे त्यांचे नाना प्रकार. पाठविणाऱ्याला त्यांचा खर्च जवळजवळ नाही. वेळ, लक्ष आणि प्रसंगी पैसा जातो तो घेणाऱ्याचा. मात्र येथे दारातून परत करण्याची सोय उरलेली नाही. निरोप आधी घरात शिरतो आणि मग घरधनी त्याला पाहतो.

हा केवळ त्रासाचा प्रश्न आहे काय? तसे असते तर त्याची एवढी चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. २०२३ साली नव्याने अस्तित्वात आलेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील सौंसर तालुक्याचेच उदाहरण घ्यावे. हा मुलूख संत्र्यांचा, कापसाचा आणि गव्हाचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गहू काढणीला आलेला असतो, मृग बहाराची फळे झाडावर असतात, आंबिया बहाराची फुले नुकतीच धरलेली असतात. आणि नेमक्या याच दिवसांत गारपिटीचे भय असते. हवामानाचा इशारा मोबाइलवर येतो. काही वर्षांपूर्वी मध्य प्रदेशात आधारभूत दराच्या गहू-खरेदीसाठी माल कोणत्या दिवशी आणावयाचा, हेही शेतकऱ्याला मोबाइलवरील संदेशानेच कळे. बँकेचा हप्ता, मुलाची शिष्यवृत्ती, रुग्णालयातील तपासणीचा दिनांक या साऱ्यांचा मार्ग आता तोच आहे. ज्याच्या मोबाइलवर दिवसाकाठी वीस निरर्थक निरोप येतात, तो एकविसावा निरोप उघडीतच नाही. आणि तो एकविसावा गारपिटीचा असू शकतो. खोट्या निरोपांचे खरे नुकसान हे आहे. ते खऱ्या निरोपावरचा विश्वास घालवितात.

सीमाभागात ही अडचण आणखी एका कारणाने वाढते. सौंसरच्या कित्येक घरांत बोलणे मराठीत, कचेरीचे कागद हिंदीत आणि मोबाइलवरचे संदेश बहुधा हिंदीत किंवा इंग्रजीत असतात. भाषेची ओळख असली की लबाड माणसाचे बोलणे चटकन ऐकू येते. कुठे शब्द अडखळतो, कुठे गोडवा जास्त झाला, हे कानाला कळते. परक्या भाषेत तो कान नसतो. म्हणून पुष्कळ घरांत आजी-आजोबांच्या मोबाइलवरील निरोप शाळेत जाणारा नातू वाचून दाखवितो. पूर्वी गावात पत्र वाचून दाखविणाराला जो मान आणि जी जबाबदारी असे, ती आता या मुलाकडे आली आहे. त्याला केवळ वाचता येऊन भागणार नाही. पारखताही आले पाहिजे.

जुनेच दुखणे

या दुखण्याचे नाव नवे असले तरी दुखणे जुने आहे. १८६४ सालच्या मे महिन्यात लंडनमधील काही प्रतिष्ठित गृहस्थांना सायंकाळनंतर तारा आल्या. त्या काळी अवेळी तार येणे म्हणजे काळजात धस्स होण्याचा प्रसंग. घाईघाईने तार उघडून पाहावी, तो आत एका दंतवैद्यांच्या पेढीची जाहिरात! दवाखाना अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत उघडा राहील, एवढाच मजकूर. संतापलेल्या एका गृहस्थाने ‘टाइम्स’ वृत्तपत्राकडे तक्रारीचे पत्र धाडले, म्हणून ही हकीकत आज उपलब्ध आहे. संकटाच्या निरोपासाठी राखलेली वाट जाहिरातीने अडविली, हाच त्या रागाचा मथितार्थ होता.

देवाच्या नावाने फिरणारी साखळीपत्रेही याच कुळातील. पत्राच्या इतक्या प्रती लिहून धाडाव्यात, धाडल्यास धनलाभ, न धाडल्यास अरिष्ट, असा त्यांचा साचा. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात १९३५ साली दहा-दहा सेंट मागणाऱ्या साखळीपत्रांचा एवढा पूर आला की तेथील पोस्ट कचेरी त्याखाली दबून गेली.

संगणकाच्या जाळ्यावरून अनेकांना एकदम धाडलेली पहिली प्रसिद्ध जाहिरात ३ मे १९७८ ची. डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकन कंपनीचे विक्री अधिकारी गॅरी थुर्क यांनी आपल्या नव्या संगणकांची वार्ता सुमारे ४०० जणांना एकाच वेळी कळविली. लोक रागावले, पण काही संगणक खपलेही, असे थुर्क पुढे सांगत. या एका वाक्यात पुढील सर्व इतिहास आला. लोक रागावतात, तरी माल खपतो.

‘स्पॅम’ हा शब्द मूळचा १९३७ साली अमेरिकेत निघालेल्या डबाबंद मांसाच्या एका प्रकाराचा. १९७० साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील एका विनोदी प्रवेशात उपाहारगृहातील प्रत्येक पदार्थात हे मांस घातलेले असते, आणि त्या नावाच्या गजरात दुसऱ्या कोणाचे बोलणे ऐकू येईनासे होते, असे दाखविले होते. एकाच गजराने सर्वांचे बोलणे बुडवावे, या अर्थाने तो शब्द पुढे संगणकाच्या जगात रूढ झाला.

मूळ कारण

रोगाचे कारण कळल्याशिवाय औषध सापडत नाही. हे निरोप पाठविणारा मनुष्य मूर्ख नसतो. त्याचा हिशेब पक्का असतो. समजा, त्याने एक लाख लोकांना निरोप धाडला. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्वद जणांनी तो पुसून टाकला आणि अवघे दहा जण फसले. दुकानदाराच्या दृष्टीने ही दिवाळखोरी ठरली असती. परंतु निरोप पाठविण्याचा खर्चच नगण्य असल्यामुळे दहा जणांच्या पैशावर त्याचा धंदा उत्तम चालतो. उरलेल्या नव्व्याण्णव हजार नऊशे नव्वद जणांनी निरोप उघडण्यात आणि पुसण्यात जो वेळ घालविला, तो त्याच्या खतावणीत कोठेच लिहिलेला नसतो. तो त्यांचा बैरंग आकार होय.

पोस्टाने हा प्रश्न एकेकाळी कसा सोडविला, ते येथे पाहण्यासारखे आहे. १८४० पूर्वी इंग्लंडात पत्राचा हशील बहुधा पत्र घेणारा भरीत असे. रोलंड हिल यांच्या सुधारणेने त्या वर्षी ही रीत उलटी झाली. पाठविणाऱ्याने एक पेनीचे तिकीट आधी लावावयाचे, असे ठरले. हिंदुस्थानातही १८५४ च्या ऑक्टोबरपासून सर्व देशभर चालणारी तिकिटे आणि अंतरनिरपेक्ष दर आले, आणि १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. दर इतका अल्प की गरिबालाही परवडावा. पण तो शून्य नव्हता. लाख कार्डे धाडणाऱ्याला लाख वेळा पाव आणा मोजावा लागे. तो पाव आणाच मोठा पहारेकरी होता.

मोबाइलच्या संदेशांवरही असाच पहारेकरी बसविण्याचा प्रयत्न भारतात झाला. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ‘ट्राय’ने, २०११ च्या सप्टेंबरात एका मोबाइल क्रमांकावरून दिवसाला १०० संदेशांची मर्यादा घातली, ती लवकरच २०० केली. तथापि खाजगी संदेश धाडणाऱ्या सामान्य नागरिकावर असे बंधन घालणे योग्य नाही, असे ठरवून दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ च्या जुलैत ती मर्यादा रद्द केली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्राधिकरणाने दुसरी वाट धरली. सवलतीच्या दरातील १०० संदेशांनंतर प्रत्येक संदेशाला किमान ५० पैसे आकारावेत, असा आदेश निघाला. योगायोग असा की साध्या पोस्टकार्डाचा दरही तेव्हा ५० पैसेच होता. दुसऱ्या उपायांची व्यवस्था झाल्यावर २०२० साली हा आकार काढून टाकण्यात आला.

चाळणीची करामत

खर्चाचा पहारेकरी दुबळा पडला म्हणजे चाळणी वापरावी लागते. विद्युत्पत्रांची, म्हणजे ई-मेलची, चाळणी कशी काम करते हे समजावयास कठीण नाही. आधी यंत्राला दोन ढीग दाखवितात. एक खऱ्या पत्रांचा, दुसरा कचऱ्याचा. कोणता शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो, हे यंत्र मोजून ठेवते. ‘बक्षीस’, ‘त्वरित’, ‘विनातारण’ हे शब्द कचऱ्यात वारंवार येतात. ‘मावशी’, ‘परीक्षा’, ‘फवारणी’ हे घरगुती पत्रांत. नवे पत्र आले की त्यातील शब्दांची गोळाबेरीज करून ते कोणत्या ढिगातले असण्याचा संभव अधिक आहे, हे ठरविले जाते. या गणिताचा पाया टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाने घातला. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झाला. आणि २००२ साली पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाच्या एका लेखामुळे त्याचा हा उपयोग सर्वतोमुखी झाला.

परंतु चाळणीला दोन प्रकारच्या चुका होतात, हे धान्य पाखडणारी कोणतीही गृहिणी सांगेल. सूप हलके हलविले तर कोंडा राहतो, जोराने हलविले तर कोंड्याबरोबर दाणाही उडतो. कोंडा राहिला तर घास कचकचतो. दाणा उडाला तर मात्र तो गेला हे कळतही नाही. म्हणून या दोन चुकांतील दुसरी अधिक घातक होय. शिवाय ज्या भाषेतील पत्रांचे ढीग यंत्राने पुरेसे पाहिलेले नाहीत, त्या भाषेत त्याची पारख कच्ची राहते. आणि लबाड लोकही स्वस्थ बसत नाहीत. ‘कर्ज’ हा शब्द अडतो असे दिसताच ते त्याची अक्षरे सुटी करून, मध्ये टिंबे घालून लिहू लागतात.

दाणा उडाल्याचे एक ठळक उदाहरण ८ मार्च २०२१ चे आहे. ट्रायच्या २०१८ च्या विनियमांनुसार व्यापारी संदेश धाडणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपले नाव आणि संदेशाचा नमुना आधी नोंदवावयाचा होता. नोंदीशी न जुळणारा संदेश वाटेतच अडवावयाचा होता. त्या दिवशी ही चाळणी सुरू झाली मात्र, आणि बँकांचे ओटीपी म्हणजे व्यवहारासाठी लागणारे एकवेळचे सांकेतिक आकडे देशभर अडकून पडले. कित्येक संस्थांनी आपले नमुने नीट नोंदविलेलेच नव्हते. दुसऱ्याच दिवशी ट्रायला ती चाळणी सात दिवसांसाठी थांबवावी लागली. मग संस्थांना मुदत देऊन, समज देऊन ती पुन्हा चालू झाली. योजना चांगली असली तरी पूर्वसूचना आणि तयारी यांवाचून ती निर्दोष माणसालाच आधी जाचते, हा त्यातील धडा.

दुसरे उदाहरण याहून गंभीर. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ‘६६ अ’ हे कलम आले. घेणाऱ्याला उपद्रव किंवा गैरसोय व्हावी, अथवा निरोप कोणाकडून आला याविषयी त्याची फसवणूक व्हावी, अशा हेतूने धाडलेली ई-मेल हा त्यातील एका पोटकलमाने अपराध ठरविला होता. हेतू स्पॅमला आळा घालण्याचा; पण ‘उपद्रव’ आणि ‘गैरसोय’ या शब्दांना माप नव्हते. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न केला आणि दुसरीने त्याला पसंती दर्शविली, तेव्हा त्या दोघींना अटक झाली आणि त्यांच्यावर हेच ‘६६ अ’ कलम लावण्यात आले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी, श्रेया सिंघल यांच्या प्रकरणातील निकालाने, ते संपूर्ण कलम घटनाबाह्य ठरविले. कचरा काढण्यासाठी दिलेला झाडू भलत्याच हाती पडला म्हणजे तो माणसांवर चालू लागतो. एखादे मत कोणाला बोचते म्हणून ते स्पॅम होत नाही. स्पॅमची खूण मजकूर कडू असणे ही नव्हे. न विचारता, नाव लपवून, ठोक प्रमाणात आणि दुसऱ्याच्या खर्चाने येणे, ही होय.

आज काय करता येते

मग सामान्य माणसाने काय करावे? दवंडीची जुनी रीत आठवली तर उत्तर बरेचसे सापडते. गावात दवंडी वाटेल त्याला पिटता येत नसे. कोणाच्या हुकमाने, कोणत्या कामासाठी, हे आधी सांगावे लागे. सध्याच्या नियमांचे तत्त्वही हेच आहे. नोंदलेल्या संस्थेच्या संदेशावर दहा आकडी क्रमांक नसून अक्षरांचे शीर्षक असते. २०२५ सालच्या दुरुस्तीने त्या शीर्षकाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर जोडावयाचे ठरले. ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवेचा निरोप, ‘टी’ म्हणजे व्यवहाराचा आणि ‘जी’ म्हणजे सरकारी. जाहिरातीच्या दूरध्वनीसाठी १४० ने आरंभ होणारे आणि सेवा व व्यवहारांच्या दूरध्वनीसाठी १६०० ने आरंभ होणारे क्रमांक राखलेले आहेत. बँकेच्या नावाने आलेला निरोप एखाद्या साध्या दहा आकडी क्रमांकावरून आला असेल, तर तेथेच थांबावे. ही चार अक्षरे आणि हे दोन आकडे नातवाने एकदा पाठ केले म्हणजे घरातील निम्मी पारख झाली.

जाहिराती नकोत अशी पसंती १९०९ या क्रमांकावर नोंदविता येते. कोणत्या प्रकारच्या हव्यात आणि कोणत्या नकोत, हेही निवडता येते. तक्रारही तेथेच करावयाची. ती करताना पाठविणाऱ्याचा क्रमांक वा शीर्षक, दिनांक आणि मजकूर द्यावा. पूर्वी तक्रारीला तीन दिवसांची मुदत होती, ती २०२५ च्या दुरुस्तीने सात दिवसांची झाली. पसंती नोंदविलेली नसली तरी नोंद नसलेल्या प्रेषकाविरुद्ध आता तक्रार घेतली जाते. आणि दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या की कारवाई सुरू होऊ शकते. पूर्वी सात दिवसांत दहा लागत. म्हणजे एका गावातील पाच जागरूक माणसेही पुरेशी आहेत. कुरकूर करणारे पन्नास असतात. तक्रार नोंदविणारे पाच निघत नाहीत, ही खरी उणीव आहे. फसवणुकीचा संशय असेल तर केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’वरील ‘चक्षू’ या सोयीकडे कळवावे. पैसे गेलेच असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा, कारण पैसे पुढे सरकण्यापूर्वी अडविणे याच आरंभीच्या वेळात शक्य असते.

याखेरीज काही साधी पथ्ये आहेत. अनोळखी निरोपाला रागाचेही उत्तर देऊ नये. उत्तराने एवढेच सिद्ध होते की या क्रमांकामागे जिवंत माणूस आहे. निरोपातील दुवा उघडू नये. ओटीपी कोणालाही, स्वतःला बँकेचा साहेब म्हणविणाऱ्यालाही, सांगू नये. प्रत्येक दुकानात, प्रत्येक सोडतीच्या चिठ्ठीवर आपला क्रमांक लिहून देऊ नये. ‘पुढे पाठवा’ असा आग्रह करणारा निरोप आपल्यापाशीच थांबवावा. साखळी एका कडीनेही तुटते.

शाळेचे पालक, संत्रा-बागायतदार अथवा एखादे मंडळ यांचे मोबाइलवर जे गट असतात, त्यांच्या चालकांना वर सांगितलेले दोन्ही धडे उपयोगी पडतील. नियम आधी सांगावा. नव्या माणसाची ओळख करून घ्यावी. जाहिरात आली तर ती काढावी आणि का काढली ते धाडणाऱ्याला कळवावे. नवखा चुकला असेल तर त्याला पुन्हा संधी द्यावी. मुद्दाम वारंवार करणाऱ्याला मात्र भीड न धरता दूर करावे. आणि कोणाचे मत पटले नाही म्हणून त्याला कचऱ्याच्या ढिगात घालू नये.

बिल गेट्स यांनी २००४ च्या जानेवारीत दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल, असे भाकीत केले होते. तो सुटला नाही. तण एकदा उपटून शेत कायमचे स्वच्छ होत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. दर हंगामात निंदण करावेच लागते. पण निंदणाऱ्या बाईची नजर तणावर जितकी असते, तितकीच पिकाच्या रोपावर असते. रोप वाचावे म्हणूनच तण काढावयाचे असते. आभाळ काळवंडलेले असताना मोबाइल वाजला, तर बागेतल्या माणसाने तो खिशातून काढून वाचावा, आणि वाचलेले खरे मानून गव्हाच्या गंजीवर ताडपत्री ओढावी, इतका भरवसा त्या निरोपावर राहिला पाहिजे. हा सारा खटाटोप त्यासाठी आहे.